मुंबईचं काम, अलिबागचा समुद्र: ऑफिसच्या दौऱ्याला दीड दिवस कसा जोडायचा

नागपूर, सोलापूर, कोल्हापूर, संभाजीनगर इथून कामासाठी मुंबईला येणारा माणूस रात्रीच्या गाडीने येतो, दिवसभर मिटिंगा उरकतो आणि रात्रीच्याच गाडीने परततो. समुद्र दिसलाच तर टॅक्सीच्या काचेतून, मरीन ड्राइव्हच्या सिग्नलला. वास्तविक गेटवेवरून बोटीने तासाभरात मांडवा आणि तिथून बसने पाऊण तासात अलिबाग. बोरिवलीहून चर्चगेटला रोज जाणाऱ्याचा वेळ धरला तर हे काही लांब नाही. तरीही हा बेत बऱ्याचदा फसतो. एक तर सगळी मुंबई निघते त्याच वेळी, त्याच दिशेने लोक निघतात. आणि दुसरं म्हणजे हॉटेल, रेटिंग, फोटो सगळं तपासतात, पण भरती-ओहोटी बघत नाहीत.

वार कोणता धरायचा

काम बुधवार-गुरुवारी लावून घ्या. गुरुवारी रात्री मुंबईतच मुक्काम, शुक्रवारी सकाळच्या बोटीने अलिबाग, शनिवारी दुपारच्या बोटीने परत, रात्रीची गाडी. रजा एकच जाते, शुक्रवारची. रविवारी घरी कपडे धुवायला वेळ मिळतो.

यात खरी मेख शनिवारच्या परतीत आहे. मुंबई-पुण्याची गर्दी शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी दुपारपर्यंत अलिबागेत उतरत राहते आणि रविवारी दुपारनंतर एकदम उलटते. रविवारी चारनंतर मांडव्याच्या जेटीवर रांग लागली की दोन-दोन बोटी हातच्या जातात, आणि रात्रीच्या गाडीचं तिकीट खिशात असताना ती रांग फार लांब वाटते. शनिवारी दुपारी मुंबईकडे येणाऱ्या बोटी त्या मानाने रिकाम्या असतात. शिवाय गुरुवार-शुक्रवारचं खोलीभाडं शनिवारच्या भाड्यापेक्षा बहुतेक ठिकाणी बरंच कमी असतं.

काम सोमवार-मंगळवारीच असेल तर उलटं करायला हरकत नाही: शनिवारी उशिरा न जाता शुक्रवारी पहाटे मुंबईत उतरा, थेट अलिबाग गाठा आणि रविवारी सकाळच्या, म्हणजे अकराच्या आतल्या बोटीने परत या. पण हा क्रम दुय्यम. समुद्रावरून आलेला माणूस सोमवारी प्रेझेंटेशन देताना अर्धा पाण्यातच असतो, आणि रविवारी रात्री फाईल बदलल्याचा मेल आला तर सगळी सुट्टी त्यातच जाते. काम आधी, पाणी नंतर.

जून ते ऑगस्ट हा बेत शक्यतो नको. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत गेटवे–मांडवा बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, हवा बरी असेल तेव्हा चालते, पण ऐन पावसात तीही कधी रद्द होईल याचा भरवसा नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असल्याने ताटातला मासाही बर्फातला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर दुपारी वाळू तापते आणि घामाने जीव नको होतो.

ऑफिसला काय कळवायचं

दौऱ्याची मंजुरी घेतानाच एका ओळीत लिहून टाका: गुरुवारी संध्याकाळी काम संपलं की माझा दौरा संपतो, त्यापुढचं राहणं, खाणं आणि प्रवास माझ्या खर्चाने. परतीचं तिकीट शनिवारचं काढत असाल तर त्याच दिवशी गुरुवार रात्रीच्या त्याच वर्गाच्या भाड्याचा स्क्रीनशॉट ठेवा. शनिवारचं भाडं जास्त निघालं तर वरचा फरक तुमचा, हे हिशोब खात्याला पुढे पटवत बसावं लागत नाही. सरकारी नोकरांना याखेरीज रजा आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. रजा मंजूर आहे म्हणजे परवानगी आलीच असं नव्हे.

बिलं मिसळू देऊ नका. मुंबईतल्या हॉटेलचं बिल कंपनीच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकाने, अलिबागचं तुमच्या नावाने आणि वेगळ्या कार्डावरून. मुंबईच्या खोलीची रक्कम ठरवताना एक आकडा लक्षात ठेवा: ७,५००. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची खोली ८,९६८ ला. भाड्यात शंभराचा फरक, बिलात हजाराच्या वर. अशा वेळी हॉटेलला सरळ भाडं ७,५०० वर आणायला सांगावं. बहुतेक जण आणतात.

मुंबईत कुठे उतरायचं

काम वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) असलं की लोक खोलीही तिथेच घेतात. महाग पडते, संध्याकाळी पाय मोकळे करायला धड जागा नसते आणि शुक्रवारी सकाळी बोटीसाठी सगळं शहर ओलांडावं लागतं ते वेगळंच. त्यापेक्षा फोर्ट किंवा सीएसएमटीच्या आसपास उतरा. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते. सीएसएमटीला किंवा हुतात्मा चौकाला जमिनीखाली उतरलं की थेट बीकेसीला वर. सकाळी मुंबईचा मुख्य लोंढा उपनगरांतून दक्षिणेकडे येत असतो तेव्हा तुम्ही उत्तरेकडे जाता, आणि संध्याकाळी उलट. गर्दीच्या विरुद्ध चालण्याचं तत्त्व इथेही लागू.

लोकलने जायचंच असेल तर सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळात बॅग घेऊन सेकंड क्लासला चढू नका. सवय नसलेल्याला चढता येतं, पण हव्या त्या स्टेशनला उतरता येत नाही. दादरला उतरायचं असेल आणि दाराजवळ पोचला नसाल तर थेट पुढच्या स्टेशनाचं दर्शन घडतं.

शुक्रवारी सकाळी हुतात्मा चौकाहून गेटवे चालत पंधरा-वीस मिनिटं, सीएसएमटीहून टॅक्सीने दहा-पंधरा.

दोन बॅगा

एक बॅग कामाची, एक पाण्याची. कामाची बॅग अलिबागला न्यायचीच नाही. इस्त्रीचे कपडे, बूट, कागदपत्रं, चार्जरांचा गुंता हे सगळं मुंबईच्या हॉटेलात टोकन घेऊन ठेवा. ठेवायला नाही म्हणणारं हॉटेल क्वचितच भेटतं, मात्र चेकआऊट करताना बॅगांची संख्या आणि परत यायची वेळ टोकनावर लिहून घ्या. परतीची गाडी सीएसएमटीवरून असेल तर स्टेशनातल्या क्लोक रूममध्ये ठेवली की रात्रीचा एक फेराही वाचतो. तिथे बॅगेला कुलूप लागतं. चेनला छोटं कुलूप नसेल तर घेत नाहीत, आणि मग स्टेशनबाहेर दुप्पट किमतीत कुलूप विकत घ्यावं लागतं. रेल्वेचं तिकीट आणि ओळखपत्रही जवळ असू द्या. गेटवेवर सामान ठेवायची सोय नाही, त्या भरवशावर राहू नका.

पाण्याच्या बॅगेत दोन जोड सुती कपडे, पंचा, टोपी, चपलांऐवजी मागे पट्टा असलेले सँडल (का ते पुढे येईल), ओल्या कपड्यांसाठी दोन प्लास्टिकच्या पिशव्या, नेहमीची औषधं आणि सातशे-आठशे रुपयांची सुटी रोकड. यूपीआय जवळपास सगळीकडे चालतं, पण घोडागाडीवाल्याकडे किंवा किल्ल्याच्या वाटेवर नेटवर्कने दगा दिला तर सुटे पैसे कामाला येतात.

लॅपटॉप न्यावाच लागणार असेल तर तो आधी बंद चेनच्या जाड पिशवीत, मग बॅगेत. स्लीप मोडला नको, पूर्ण बंद. बोटीत उडणाऱ्या तुषारांपेक्षा वाळू जास्त घातक: चार्जिंगच्या खाचेत बारीक वाळू गेली की पिन बसत नाही, आणि जोर लावला की खाचच वाकते. किनाऱ्यावर तो उघडायचा नाही, खोलीवरच. शनिवारी सकाळी एखादा कॉल टळणारा नसेल तर खोली घेतानाच दोन गोष्टी फोनवर विचारा: खोलीत रेंज कुठल्या कंपनीची येते, आणि वीज गेली तर इन्व्हर्टरवर वायफाय चालतं का. पंखा आणि दिवा चालतो, राउटर बंद पडतो, हे वाडीतल्या घरगुती मुक्कामात हमखास घडतं.

बोट

गेटवेवर तिकीट खिडक्या ओळीने आहेत आणि बोटी चालवणाऱ्या कंपन्या एकापेक्षा जास्त. बोट पाऊण तास ते तासाभरात मांडव्याला लागते. बहुतेकांच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बसचं भाडं धरलेलं असतं. इथेच नवखा माणूस चुकतो. एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या बोटीत किंवा बसमध्ये चालत नाही, आणि बस बोटीला जोडलेली असते. बोट लागली, माणसं चालत बसपाशी आली, बस भरली की ती सुटते. मांडव्याला उतरून आधी चहा, मग फोटो असं केलंत तर तुमची बस गेलेली असते आणि मग पुढची बोट येईपर्यंत थांबणं किंवा पदरचे पैसे मोजून रिक्षा. म्हणून उतरल्यावर तिकिटाचा तुकडा हातात धरून आधी बस. चहा अलिबागला.

किहीम, आवास, सासवणे या बाजूला मुक्काम असेल तर अलिबागेपर्यंत जायची गरज नाही. किहीमचा फाटा चोंढीला लागतो. बसमध्ये चढतानाच ड्रायव्हरला सांगून ठेवा. पुढचा प्रवास रिक्षा किंवा मिनिडोरने. मिनिडोर म्हणजे या भागातली वाटून जायची मोठी तीनचाकी. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असेल तर उरलेल्या सीटचे पैसे देऊन मोकळे व्हा.

बोट लागण्याचा त्रास असलेल्यांनी खालच्या डेकवर, मधोमध किंवा मागच्या बाजूला बसावं. पुढचं टोक सगळ्यात जास्त उचलतं आणि आपटतं. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, अर्धा तास आधी घ्यायची. मोबाइलमध्ये डोकं घालू नका, लांब क्षितिजाकडे बघा. वरच्या डेकला जादा पैसे पडतात आणि हिवाळ्यात ते वसूल होतात: बोटीमागे कुरव पक्ष्यांचा थवा येतो. लोक त्यांना वेफर्स आणि शेव टाकतात, ते टाळावं. खारट तळलेलं पक्ष्यांसाठी नाही, आणि थवा अंगावर झेपावला की हातातला फोन पाण्यात जातो.

लाइफ जॅकेट नुसतं शेजारी ठेवू नका, घाला आणि पट्टे आवळा. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाच्या वाटेवरच्या प्रवासी बोटीचा अपघात याच पाण्यात झाला. आवळलेलं जॅकेट खांद्यापाशी धरून वर ओढलं तर ते हनुवटीपर्यंत येता कामा नये. आलं तर सैल आहे.

स्वतःची गाडी किंवा दुचाकी घेऊन जायचं असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, साधारण तासाभरात. ही सेवा मार्च २०२० पासून आहे. गाडीचं बुकिंग आधी करावं लागतं आणि गाडीसह किमान पाऊण तास आधी पोचावं लागतं, कारण गाड्या ओळीने आत घेतात आणि ओळ चुकली की तुमची जागा जाते. भाऊच्या धक्क्यावरूनच रेवसलाही लाँच जाते. ती स्वस्त, पण तासाहून बराच जास्त वेळ घेते, आणि रेवस बंदरात गाळ असल्याने ओहोटीला तिचं वेळापत्रक कोलमडतं. वेळ मोजून आलेल्या माणसाने तिच्या वाट्याला जाऊ नये.

रस्त्याने येणाऱ्यांना अटल सेतूने चिर्ल्यापर्यंत झटकन येता येतं, पण सेतूवर वाचवलेला वेळ शनिवारी सकाळी पेण-वडखळ पट्ट्यात व्याजासकट परत द्यावा लागतो. शुक्रवारी सकाळी तो रस्ता बरा. सेतूवर दुचाकीला बंदी आहे.

पाण्याची वेळ: तिथीची पाऊणपट

अलिबागला जाऊन कुलाबा किल्ला न बघता परतणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना तिथे गेल्यावर कळतं की किल्ल्याला चारी बाजूंनी पाणी आहे आणि पुढची ओहोटी रात्री आहे. हे घरी बसून, नेट न उघडता, भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून टाळता येतं. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर कोळ्यांचा जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते.

चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन: दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच, फक्त पंधरवडा नव्याने मोजायचा. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे चतुर्थीला सकाळी पावणेनऊ-नऊच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अर्ध्या तासाचा फरक धरून चाला आणि आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला किंवा कोळ्याला विचारून पक्कं करा. त्याचं पोट त्या वेळेवर आहे, तो चुकत नाही.

आता पाणी किती मागे जाईल हाही प्रश्न आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, पाणी लांबवर आटतं. सप्तमी-अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अष्टमीला ओहोटी भर बारा वाजता येते, कागदावर सोयीची दिसते, पण किल्ल्याच्या वाटेत गुडघाभर पाणी राहू शकतं. म्हणून दोन खिडक्या सगळ्यात चांगल्या. तृतीया ते पंचमी सकाळी, आठ ते दहाच्या दरम्यान. किंवा द्वादशी ते चतुर्दशी दुपारी, तीन ते पाचच्या दरम्यान.

वर सांगितलेला शुक्रवार-शनिवार याच्याशी जुळवून बघा. समजा शुक्रवारी चतुर्थी आहे. सकाळी आठच्या बोटीने निघालात तर अलिबागेत दहा वाजतात, तोवर नऊची ओहोटी गेली. शुक्रवारी किल्ल्याचा नाद सोडा, तो शनिवारसाठी ठेवा. शनिवारी पंचमी, ओहोटी पावणेदहा-दहाला. साडेआठच्या सुमारास किनाऱ्यावरून चालायला लागायचं. नऊला किल्ल्यात. साडेदहाला परतीची वाट. अकराला अंघोळ, बाराला जेवण, मग बस. मिटिंगच्या तारखा तुमच्या हातात असतील तर आधी तिथी बघा आणि मग तारीख सुचवा. ऑफिसात कुणाला कारण सांगायची गरज नाही.

किल्ल्याची वाट

किनाऱ्यापासून किल्ला चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. नियम एकच आणि तो मोडायचा नाही: पूर्ण ओहोटीच्या सुमारे तासभर आधी आत जायला निघायचं आणि ओहोटीनंतर तासाच्या आत किनाऱ्याला परत लागायचं. भरतीचं पाणी समोरून लाट होऊन येत नाही. ते मधल्या खोलगट चरांतून आडवं, गुपचूप भरतं. तुम्ही किल्ल्याच्या दारात उभे असता, समोर वाळू कोरडीच दिसते, आणि मधल्या चरात कमरेएवढं पाणी झालेलं असतं. अशा वेळी परत फिरायचं नाही. किल्ल्यात थांबायचं आणि बोट किंवा घोडागाडीवाल्याला हाक घालायची.

सँडलला मागे पट्टा का, तर मधल्या पट्ट्यात गाळ आणि खडक दोन्ही आहेत. गाळात स्लीपर रुतून राहते, आणि खडकावर चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. अनवाणी तर बिलकूल नको. कालवाची जखम छोटी दिसते पण चिघळते. गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा, आतला कण काढा.

घोडागाडीने जायचं तर भाडं जाऊन-येऊन ठरवा आणि आत किती वेळ थांबणार तेही. नाहीतर तो तुम्हाला सोडून दुसरी खेप आणायला जातो आणि तुम्ही तटावरून त्याची वाट बघत बसता.

आत काय बघायचं याला तास-सव्वा तास पुरतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू केलेला हा किल्ला पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं मुख्य ठाणं झाला. आत रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणेश पंचायतन आहे, गोड्या पाण्याचा तलाव आहे, आणि बाहेर उत्तरेला सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला आहे. तट नीट बघा: मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेत. लाट आपटली की पाणी फटींतून शिरून तिचा जोर मोडतो. चुन्याने सांधलेल्या भिंतीवर तोच जोर सगळा एकाच ठिकाणी बसला असता. उत्तरेकडच्या तटावर चाकाच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत, त्यांच्यावर यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव अजून वाचता येतं.

किनारे, पोहणं, खाणं

अलिबागचा गावाजवळचा किनारा पोहायला चांगला नाही. वाळू काळपट, गर्दी, मोटारबोटी. तो किल्ल्यासाठी आणि सूर्यास्तासाठी. शुक्रवारची दुपार वरसोलीला काढा, दोनेक किलोमीटरवर, सुरूच्या सावलीत. नागाव दक्षिणेला सात-आठ किलोमीटर, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून मुक्कामाच्या खोल्या तिथे भरपूर. शांतता हवी तर किहीम-आवास, आणि तिकडे गेलात तर सासवण्याचं करमरकर शिल्पालय चुकवू नका. काशीद आणि मुरूड-जंजिरा दीड दिवसात कोंबू नका. जंजिरा अलिबागेहून पन्नास किलोमीटरच्या घरात आहे, तिथेही बोट, रांग आणि भरती-ओहोटी आहेच. सगळा शनिवार गाडीत जाईल.

तिथी जुळलीच नाही तर थळला जा. तिथून समुद्रात खांदेरी-उंदेरी दिसतात. यातला खांदेरी २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. किंवा मापगावाहून कनकेश्वराच्या सातशेच्या आसपास पायऱ्या चढा. सकाळी सातला सुरुवात केली तर ऊन लागायच्या आत खाली येता.

पोहायचं तर पाणी चढत असताना, कमरेच्या वर नाही, आणि ओहोटी लागली की बाहेर. उतरतं पाणी पायाखालची वाळू काढून घेतं आणि आत खेचतं. खेचलं गेलात तर किनाऱ्याकडे हात मारत दमून जाऊ नका, किनाऱ्याला समांतर सरका, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे या. जेवणानंतर आणि ग्लास रिकामा केल्यानंतर पाण्यात जाणारे दर वर्षी बातमीत येतात. गाडी वाळूत उतरवण्याचं धाडसही करू नका. कोरडी दिसणारी वाळू खाली ओली असते, चाक फिरवलं की आणखी रुतते, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते.

जेवणात सुरमई-पापलेट मुंबईतही मिळतं. इथे जिताडा विचारा. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारवट पट्ट्यातल्या, तळ्यांत वाढवलेला हा मासा रायगडचा मान. कार्डावर दर नसेल तर वजन आणि किंमत आधी विचारून घ्या. अख्ख्या पापलेटच्या बिलावरून होणारी वादावादी निव्वळ न विचारल्याने होते. जानेवारीच्या आसपास गेलात तर शुक्रवारी रात्रीसाठी पोपटी सांगून ठेवा, आणि ती दुपारीच सांगावी लागते. मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी भांबुर्डीचा पाला, मध्ये वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. मडकं उपडं करून भोवती जाळ. पाण्याचा थेंब घालत नाहीत; पाला आणि शेंगांच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. फेब्रुवारीपासून पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. घेताना माळेतले दोन-चार कांदे देठापाशी दाबून बघा. मऊ लागला तर तो आतून सडलाय आणि घरी पोचेपर्यंत शेजाऱ्यांना सडवेल. सुकी मासळी घेतलीत तर तीन पिशव्यांत गुंडाळून डब्यात बंद करा. रात्रभर एसी डब्यात सहप्रवाशांबरोबर राहायचं आहे.

परतीचा हिशोब

गाडीच्या वेळेतून पाच तास मागे या आणि अलिबाग सोडा. बस पाऊण तास, जेटीवर अर्धा तास, बोट तास, गेटवेहून हॉटेल किंवा क्लोक रूम करून स्टेशन पाऊण तास: हे झाले तीन. चौथा तास चुकलेल्या बोटीचा, पाचवा अंघोळ-कपड्यांचा आणि मुंबईच्या ट्रॅफिकचा. नऊची गाडी असेल तर चारला अलिबागेच्या स्टॉपवर उभे हवेत, तीनला असाल तर आणखी बरं. शेवटच्या बोटीवर बेत बांधू नका. तिची वेळ ऋतूप्रमाणे बदलते आणि ३१ डिसेंबरला किंवा गेटवेवर मोठा कार्यक्रम असला की संध्याकाळच्या फेऱ्या लवकर आवरतात. म्हणून शुक्रवारी जातानाच खिडकीवरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा.

गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. शनिवार रात्रीच्या परतीच्या जागा लवकर जातात, तेव्हा दौऱ्याची तारीख पक्की झाली त्याच दिवशी काढा. तत्काळवर विसंबायचं तर एसीची खिडकी आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडते आणि बिगर-एसीची अकराला. म्हणजे नेमकं शुक्रवारी सकाळी, तुम्ही नुकते अलिबागेत उतरलेले असता तेव्हा.

परत निघताना सँडल गोड्या पाण्याने धुऊन वेगळ्या पिशवीत घाला आणि खिसे झटका. मागच्या दौऱ्यातली वाळू पुढच्या मिटिंगला कोटाच्या खिशातून टेबलावर सांडते.